युगांडाला निघालीस ना? मग आधी हे कर

दोन वर्षं राहायचंय म्हणून घर उचलून नेऊ नकोस. मी पहिल्या खेपेला पाच किलो तूरडाळ नेली. तिथल्या राजधानीत, कंपालात, ती दुकानात मिळत होती!

आधी पीतज्वराची लस. निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घे. लस घेतल्याचं पिवळं कार्ड हातातल्या पिशवीतच ठेव, परत येतानाही मुंबईला दाखवावं लागतं.

दुसरं, बँकेचा ओटीपी. तो इथल्या सिमवरच येतो, म्हणून त्याचं रोमिंग इथूनच सुरू कर. नवीन मंडळी हमखास यातच अडकतात.

रोजची औषधं चिठ्ठीसकट घे. तिथले प्लग चौकोनी तीन पिनांचे, म्हणून दोन अ‍ॅडॉप्टर. गोडा मसाला मात्र आईकडून घेच, घट्ट डब्यात.

मच्छरदाणी तिथेच घे. बाकीचं पोचल्यावर विचार.