लहान आहे, विसरून जाईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अडीच वर्षांची भाची गाडीत मागच्या सीटवर होती, अपघातात तिची आई गेली, तिला मात्र खरचटलंही नाही. आता ती दिवसभर खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर आपटते. ‘लहान आहे, विसरून जाईल’ म्हणून घरच्यांनी आईचे फोटो कपाटात ठेवलेत. मोठेपणी यातलं काही उरतं का?

आधी फोटो बाहेर काढा. बाकीचं सावकाश सांगतो.

मी किल्लारीच्या पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा मी सव्वातीन वर्षांचा होतो. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर माळवद. लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारेगार. ते सगळं अंगावर आलं. मामाने मला दुपारी बाहेर काढलं. माय आणि तिच्या कुशीतला धाकटा भाऊ आतच गेले.

यातलं मला काहीच आठवत नाही. म्हणजे आमच्या घरचेही एका अर्थी बरोबर होते. आज्जी सगळ्यांना सांगायची, “बारकं हाय ते, त्याच्या काय ध्यानात राहत नसतंय.”

पण पहिल्या पावसात मातीचा वास सुटला की लोक खिडक्या उघडतात, मी बंद करतो. पोटात गोळा येतो. पुण्यात हॉस्टेलला रात्री रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की मी जागा व्हायच्या आधीच उभा असायचो. चपला कायम उशाशी. मित्र हसायचे, मीही हसायचो. मला वाटायचं, आपला स्वभावच घाबरट.

डॉक्टरांनी पुढे समजावलं ते असं. घडलेल्या गोष्टीची गोष्ट म्हणून नोंद ठेवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, त्या वयात पुरता तयार झालेला नसतो. म्हणून तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं कुणालाच फारसं आठवत नाही. धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, मात्र फार आधीपासून कामाला लागलेला असतो. तो वास, आवाज, अंगाला बसलेला हादरा टिपतो. तारीख-वार, कारण काही टिपत नाही. त्यामुळे मोठेपणी भीती येते ती पत्ता नसलेल्या पाकिटासारखी. कुठून आली ते कळत नाही.

माझं खरं बिंग फुटलं ते लेक तीन वर्षांची झाल्यावर. मध्यरात्री मी तिला झोपेतच उचलून बाहेरच्या खोलीत, दाराजवळ गादी टाकून झोपवायला लागलो. पंधरा-वीस दिवस हे चाललं. एका रात्री बायको उठून आली, गादीच्या कडेला बसली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही रोज दाराची कडी काढून ठेवताय, माहितीये का तुम्हाला?” मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यांच्या सांगण्यावरून मामाकडे. आमच्या भागात वय विचारलं तरी ‘भूकंपाच्या आधीचा की नंतरचा’ असा हिशेब चालतो, पण आमच्या घरात मायचं नाव कुणी काढत नसे. मी विचारलं की आज्जी चुलीकडे तोंड फिरवायची. मी समजलो की हे विचारणं वाईट. माझ्या मते भूकंपाने केलं त्याच्यापेक्षा या गप्पपणाने जास्त केलं. आज्जीला दोष देत नाही. तिची लेक गेली होती.

मामा पहिल्यांदाच सगळं बोलला. “रडतसुद्धा नव्हतास. तोंडात माती भरलेली, थुंकीनं चिखल झालेला. बोट घालून काढली मी.” मातीचा वास कुठून येतो ते मला सव्वीस वर्षांनी कळलं. खिडकी मी अजूनही बंद करतो, पण आता पोटात गोळा येतो तेव्हा तो कशाचा हे माहीत असतं.

इंटरनेटवर तुम्हाला अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे दिसतील. १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. लहानपणी चार किंवा जास्त प्रकारचे आघात झालेल्यांत नैराश्य, दारूचं व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. ते वाचून भाचीचं भविष्य ठरवू नका. ते आकडे हजारो लोकांचे आहेत, एका पोरीचे नव्हेत. शिवाय त्या पाहणीतल्या आघातांच्या यादीत (एका प्रकाराला एक मार्क) घरातली मारहाण, व्यसन असल्या गोष्टी आहेत. भूकंप नाही, आईचं मरणही नाही. मला त्यात एकच मार्क मिळतो, तो वडील नंतर पिऊ लागले त्याचा!

मला जास्त पटलं ते रुमानियातलं काम. तिथल्या हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळातल्या अनाथालयांची दुर्दशा १९८९ नंतर जगापुढे आली. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास झाला. काहींना सांभाळणारी कुटुंबं मिळाली, बाकीच्यांची नेहमीची सोय चालू राहिली. कुटुंबात गेलेली मुलं पुष्कळ सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली बऱ्याच बाबतींत अधिक. तेव्हा सांभाळणारं माणूस सारखं बदलू देऊ नका. आज मावशी, उद्या आत्या असं नको. जेवण-झोपेच्या वेळा त्याच ठेवा.

आई कुठे गेली विचारलं तर ‘देवाघरी गेली’ किंवा ‘झोपली’ म्हणू नका. पोरं मग झोपायला घाबरतात. आई मेली, तिचं शरीर आता चालत नाही, ती परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही, हे तिला कळेल अशा शब्दांत सांगा. ती शंभरदा विचारेल. शंभरदा तेच सांगा.

महिनाभराने झोप, खाणं, बोलणं मागेच जात राहिलं, किंवा गाड्यांची तीच ती आपटाआपटी काही न बदलता चालू राहिली, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. कुठे न्यावं कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलते.

गाड्या काढून घेऊ नका. शेजारी जमिनीवर बसा. आपटल्यावर “मग काय झालं?” एवढंच विचारा आणि गप्प राहा. एखाद्या दिवशी ती ॲम्ब्युलन्स आणेल.