आई-बाबांच्या मुंबई–न्यूयॉर्क बिझनेस क्लास प्रवासासाठी सेलमधले माइल्स विकत घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही न्यू जर्सीत आहात, एप्रिलमध्ये घरी बाळ येणार आहे आणि त्यासाठी पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. दोघंही सत्तरीच्या घरात, आईचे गुडघे दुखतात, म्हणून तुम्हाला त्यांना बिझनेस क्लासने आणायचंय. तिकिटाची किंमत बघून तुम्ही मागे सरलात, आणि नेमकी त्याच आठवड्यात एका एअरलाईनची मेल आली: माइल्स विकत घ्या, १०० टक्के बोनस, म्हणजे जितके घ्याल तितकेच वर फुकट. (माइल्स म्हणजे एअरलाईनचे पॉइंट, ज्यांच्या बदल्यात तिकीट मिळतं.) घ्यावेत का, हा तुमचा प्रश्न.

आज लगेच घेऊ नका. आधी माइल्सवर मिळणारी सीट शोधा. सीट मिळाली तर हिशेब करा, आणि हिशेब जमला तर सेलची वाटही न बघता घ्या. आमच्या दोन्ही घरची वडीलधारी मंडळी अधूनमधून इकडे येतात आणि त्यांची तिकिटं काढायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे या विषयाशी माझा रोजचा संबंध आहे. लोकांचे पैसे कुठे अडकतात तेही बघत आले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोनसचा टक्का बघून काहीच ठरत नाही. एक माइल किती सेंटला पडला, एवढंच बघायचं. आवियांका एअरलाईनच्या लाइफमाइल्स या माइल्स-कार्यक्रमाचा छापील (सेल नसतानाचा) भाव ३.३ सेंट आहे. त्यावर १०० टक्के बोनस मिळाला तर माइल १.६५ सेंटला पडतो, १५० टक्के मिळाला तर १.३२ सेंटला. अलास्का एअरलाइन्सचा छापील भाव पूर्वी २.७५ सेंट होता, त्यावर साडेसात टक्के कर धरून साधारण २.९६. म्हणजे तिथे ५० टक्के बोनस मिळाला तरी माइल दोन सेंटच्या आसपास यायचा. दोन मेलमधले टक्के शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही, कारण मूळ भाव वेगळे आणि त्या माइल्समध्ये मिळणारा प्रवासही वेगळा. एका प्रोग्राममध्ये जी सीट ७०,००० माइल्सना मिळते, तीच दुसरीकडे लाखाच्या वर असू शकते.

आता तुमच्याच मार्गाचं उदाहरण घेऊ. अमेरिकन एअरलाइन्सने स्वतःच्या विमानांचे माइल्समधले दर कधीच मागणीप्रमाणे वरखाली करायला सुरुवात केली, पण भागीदार कंपन्यांच्या, म्हणजे ज्यांच्या विमानांत अमेरिकनचे माइल्स चालतात त्यांच्या, विमानांसाठी कुठल्या प्रवासाला किती माइल्स याचा ठरीव तक्ता अजून टिकून आहे. त्यात भारत ते अमेरिका बिझनेस क्लासचा दर मार्च २०१६ पासून एका बाजूला ७०,००० माइल्स आहे. यात कतार एअरवेजने मुंबई–दोहा–न्यूयॉर्क बसतं. शिवाय अमेरिकनच्या माइल्सवर कतारची सीट घेताना इंधन अधिभार लागत नाही, फक्त विमानतळाचे आणि सरकारी कर लागतात. हाच अमेरिकनचा माइल ब्रिटिश एअरवेजवर वापरलात तर अधिभार लागतो. त्यात परतीला लंडनमध्ये मुक्काम करून पुढे निघालात तर ब्रिटिश सरकारचा प्रवासी कर वेगळा, आणि तो बिझनेस क्लासला माणशी दोनशे पौंडांच्या वर जातो. ‘फुकट’ तिकिटावर शेकड्यांनी डॉलर भरावे लागतात ते असे.

समजा सेलमध्ये अमेरिकनचा माइल तुम्हाला २.३ सेंटला मिळाला. ७०,००० माइल्सचे झाले १,६१० डॉलर, कराचे ९० धरा. एका माणसाची एक बाजू १,७०० डॉलर, जाऊन-येऊन ३,४००, दोघांचे ६,८००. आता हे स्वस्त की महाग?

माइल्सचे भक्त इथे एकेरी तिकिटाची रोख किंमत काढतात. समजा ती ५,००० डॉलर आहे. मग कराचे ९० वजा करून ४,९१० भागिले ७०,०००, म्हणजे माइलची किंमत सात सेंट, आपण घेतला २.३ ला, तिप्पट फायदा! हा हिशेब मला पटत नाही. बिझनेस क्लासचं एकेरी तिकीट कित्येकदा दुहेरीइतकंच किंवा त्याहूनही महाग असतं. ते तुमच्या आई-बाबांसाठी कोण काढणार होतं? त्यांना परतही जायचंय. तेव्हा दुहेरी तिकीट धरा, आणि तेही मुंबईहून सुरू होणारं. मुंबईहून निघून परत मुंबईला जाणारं तिकीट आणि न्यूयॉर्कहून निघणारं तिकीट यांच्या किमती एकच नसतात, आणि भारतातून सुरू होणारं बऱ्याचदा स्वस्त पडतं. समजा एखाद्या एअरलाईनच्या ऑफरमध्ये ते ३,५०० डॉलरला आहे. त्यातून कराचे १८० वजा केले आणि १,४०,००० माइल्सने भागलं, तर माइलची किंमत आली जेमतेम २.४ सेंट. एवढा खटाटोप करून माणशी शंभर डॉलर वाचले. आणि रोख तिकिटावर त्यांच्या खात्यात माइल्स जमा झाले असते, ते माइल्सच्या तिकिटावर होणार नाहीत.

तिसरा हिशेब मला सगळ्यात खरा वाटतो. माइल्सचा पर्यायच नसता तर तुम्ही काय केलं असतं? प्रामाणिकपणे बहुतेक घरांत उत्तर असतं, इकॉनॉमी. समजा ते दुहेरी १,२०० डॉलर. मग त्याच माइलची किंमत पाऊण सेंटच्याही खाली येते. एकच माइल, एकच सीट, आणि किंमत कधी सात सेंट, कधी २.४, कधी ०.७. म्हणून ‘अमुक माइल तमुक सेंटचा’ असे तयार तक्ते फिरतात त्यावर विसंबू नका. तुमचा आकडा तुम्हीच काढायचा: आई-बाबांनी आडवं झोपून यावं यासाठी इकॉनॉमीच्या वर मी माझ्या खिशातून किती देईन? तुमचं मन म्हणालं की दुहेरी प्रवासाला एकूण माणशी २,२०० डॉलरपर्यंत ठीक, तर तुमच्यासाठी माइल १.४४ सेंटचा. २.३ ला मिळत असेल तर सोडा. आईचे गुडघे बघता तुम्ही ३,४०० द्यायला तयार असाल तर तोही योग्यच निर्णय आहे, फक्त त्याला बचत म्हणू नका.

माइल्सची मला खरोखर आवडणारी गोष्ट म्हणजे एका बाजूचं तिकीट निम्म्या माइल्सना मिळतं. त्यामुळे दोन्ही बाजू बिझनेसच हव्यात असं नाही. येताना सोबत कुणी नाही, प्रवासाची सवय नाही, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आहे, तेव्हा येताना बिझनेस. जाताना साधं एकेरी तिकीट, पाय लांब करता येतील अशी सीट थोडे जास्त पैसे भरून. अर्ध्या खर्चात मोठं सुख पदरात पडतं.

आता सीटबद्दल, कारण खरी अडचण तिथेच आहे. माइल्स एअरलाईन हवे तितके विकते, पण भागीदार प्रोग्रामला बिझनेसच्या सीट मोजक्याच देते. अमेरिकनच्या साइटवर प्रवासाच्या ३३१ दिवस आधी तारखा खुल्या होतात. कतारच्या स्वतःच्या सदस्यांना त्या सीट त्याआधीच दिसू लागतात. त्यामुळे एका तारखेला दोन सीट, मुंबई–दोहा आणि दोहा–न्यूयॉर्क दोन्ही टप्प्यांवर, हे जुळणं अवघड. तारखेत आठवडाभर पुढेमागे व्हायची तयारी ठेवा. फिलाडेल्फिया आणि बॉस्टनही तपासा, न्यू जर्सीला फिलाडेल्फिया काही लांब नाही.

शोधताना प्रत्येक टप्प्याचा वर्ग उघडून बघा. साइट वरच्या ओळीत ‘बिझनेस’ लिहिते, आणि खाली बघावं तर मुंबई–दोहा हा चारेक तासांचा टप्पा बिझनेस आणि दोहा–न्यूयॉर्कचे चौदा तास इकॉनॉमी. माइल्स मात्र पूर्ण ७०,००० कापले जातात. उलटं असेल, म्हणजे छोटा टप्पा इकॉनॉमी आणि मोठा बिझनेस, तर मी डोळे मिटून घेईन. त्यानंतर विमान बघा. कतारच्या ज्या विमानांत क्यूस्वीट, म्हणजे छोट्या खोलीसारखी बिझनेसची सीट, आहे त्यात मधल्या दोन सीटमधला पडदा खाली करून जोडबिछाना होतो, सरकतं दार लागतं, आणि दोघं शेजारी झोपू शकतात. घाबरणाऱ्या जोडप्यासाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. पण त्यांच्या काही विमानांत जुनी रचना आहे, तेव्हा सीटचा नकाशा उघडून खात्री करा. काही प्रोग्रामच्या साइटवर अशाही सीट दिसतात की पैसे भरायच्या पानावर गेलं की गायब. म्हणून माइल्स घेण्याआधी तीच सीट दुसऱ्या एखाद्या भागीदाराच्या साइटवर दिसते का ते बघा, किंवा सरळ फोन करून विचारा.

सीट न बघता माइल्स साठवून ठेवायला माझा ठाम विरोध आहे. विकत घेतलेले माइल्स परत करून पैसे मिळत नाहीत. त्यांचा भाव ठरवणं पूर्णपणे एअरलाईनच्या हातात असतं. डेल्टा एअरलाईनने २०१५ मध्ये तक्ता काढूनच टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये तेच केलं. त्यावर मुदतही असते: लाइफमाइल्समध्ये १२ महिने हालचाल नसेल तर माइल्स जातात, अमेरिकनमध्ये २४ महिने. युनायटेडचे संपत नाहीत, पण भाव कुठे जाईल ते तुमच्या हातात नाही. आणि मुंबईकरांना जेट एअरवेज आठवत असेलच. १७ एप्रिल २०१९ ला विमानं थांबली. पॉइंटचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीत होता म्हणून पॉइंट उरले, पण ज्या विमानासाठी लोकांनी ते जमवले ते विमानच राहिलं नाही. माइल्स विकणं हा या कंपन्यांचा केवढा मोठा धंदा आहे हे कळायला एक आकडा पुरे: २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपला माइल्सचा कार्यक्रम तारण ठेवून १० अब्ज डॉलर उभे केले. सेलची मेल दर महिन्या-दोन महिन्यांनी येते ती म्हणूनच. हा सेल गेला तर पुढचा येईल, त्याची घाई मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही अमेरिकेत आहात हा तुमचा मोठा फायदा, कारण बँकेच्या कार्डाचे पॉइंट हा विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त मार्ग आहे. चेस बँकेच्या कार्डांचे पॉइंट युनायटेड आणि एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या कार्यक्रमात एकास एक जातात. या दोन्हींवर एअर इंडियाचं मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानही शोधता येतं, आणि दोन्ही इंधन अधिभार लावत नाहीत. सत्तरीच्या माणसांना दोह्यात विमान बदलण्यापेक्षा थेट प्रवास बरा, असं तुमच्या बाबांचं मत असेल तर तिकडे आधी बघा. बाळाच्या तयारीचा खर्च तसाही होणार आहे, तो एखाद्या नव्या कार्डावर केला तर सुरुवातीच्या बोनसमध्येच एका माणसाच्या एका बाजूचं बरंचसं भागतं. मग उरलेले पाच-दहा हजार माइल्स विकत घ्या. माइल्स विकत घेण्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. (विकत घेताना खर्च बऱ्याचदा एअरलाईनच्या नावावर न पडता मधल्या कंपनीच्या नावावर पडतो, त्यामुळे कार्डावरचे प्रवासाचे जादा पॉइंट मिळतील असं धरू नका. आणि तुमच्या भावाने भारतातल्या कार्डाने भरले तर परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार आणि त्यावरचा जीएसटी हिशेबात घ्या.)

पूर्ण माइल्स विकत घेणं मला एकाच परिस्थितीत सरळ पटतं: अचानक निघायची वेळ. बाळ आधी आलं, किंवा तिकडे कुणाचं दुखणं निघालं, तर रोख तिकीट आकाशाला भिडलेलं असतं. पण रिकाम्या राहिलेल्या बिझनेसच्या सीट शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांत माइल्ससाठी खुल्या होताना दिसतात. तेव्हा छापील भावाने घेतले तरी परवडतात. मात्र काही प्रोग्राम नव्या खात्याला लगेच माइल्स विकत नाहीत, म्हणून खातं आजच उघडून ठेवा. खातं तुमचंच पुरेल, अमेरिकन आणि युनायटेड दोन्हीकडे स्वतःच्या माइल्सवर दुसऱ्या कुणाचंही तिकीट काढता येतं. आई-बाबांच्या नावावर वेगळे माइल्स घेऊ नका, एका खात्यातून दुसऱ्यात हलवायला पुन्हा पैसे पडतात. बाळंतपणाच्या तारखा मागेपुढे होतात, त्यामुळे रद्द केल्यावर माइल्स कुठे विनाशुल्क परत येतात तेही बघा. अमेरिकनमध्ये येतात, लाइफमाइल्समध्ये फी लागते.

आणि तिकीट कुठल्याही वर्गाचं निघो, व्हीलचेअरची नोंद दोघांच्याही नावावर करा. तिला पैसे लागत नाहीत आणि ती इकॉनॉमीलाही मिळते. एकट्या आईच्या नावावर केली तर दोह्यात तिला पुढे नेतील आणि बाबा रांगेत मागे राहू शकतात.