ऑप्टिक्समध्ये जायचंय? मग हे ऐक

रत्नागिरीत एम.एस्सी. केलीस, आता पीएच.डी.चं डोक्यात आहे, तर आधी नेट किंवा गेट परीक्षा काढ. फेलोशिपशिवाय पाच वर्षं घरच्यांच्या जिवावर निघत नाहीत. यावर जास्त बोलत नाही.

गाईडच्या नावापेक्षा प्रयोगशाळा बघ. यंत्रं चालतात की आवरणाखाली झाकून ठेवलीयत? तिथल्या सीनियर पोरांना चहाला ने, खरं तेच सांगतील.

आता प्रयोगाच्या वहीचं. मी किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात काचेवर सोल-जेलने, म्हणजे द्रावणाचं जेल करून मग सुकवायच्या पद्धतीने, सिलिकाचे थर चढवायचो. मे महिन्यात लख्ख निघायचे. मृग लागला आणि थर दुधी पडायला लागले. दोन महिने द्रावणाला शिव्या घातल्या. मग कोणाचा तरी हायग्रोमीटर आणून टेबलावर ठेवला, तर आर्द्रता ८८ टक्के! वहीत तापमान रोज लिहिलेलं, आर्द्रता एकदाही नाही. (त्याच पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सलाही बुरशी आली. सिलिका जेलच्या पुड्या तेव्हापासून जपून ठेवतो.)

हाताने गणित करायची सवय लाव. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा, म्हणजे १.३८ अपवर्तनांकाचा (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो तो आकडा), १०० नॅनोमीटरचा थर दिला तर हिरव्या प्रकाशाला ते सव्वा टक्क्यावर येतं. सॉफ्टवेअर न उघडता हे काढून दाखव. जमलं की बाजारातून शिनाणे (खायचे शिंपले) आण, खाऊन झाल्यावर शिंपला आतून उन्हात तिरका धर. ती झळाळी कॅल्शियम कार्बोनेटच्या पातळ थरांची आहे. रंग कोन बदलल्यावर का सरकतो, ते मला लिहून पाठव.