विमान कंपन्यांचं विलीनीकरण झालं तर वैमानिकांची ज्येष्ठता कशी ठरते?

आधी ज्येष्ठता क्रमांक म्हणजे काय ते पाहा: कंपनीच्या वैमानिकांच्या यादीतलं तुमचं स्थान. कोणतं विमान, कॅप्टनची जागा कधी, कोणता तळ, महिन्याचं वेळापत्रक, रजा हे सगळं त्यावरच ठरतं. नोकरकपातही यादीच्या शेवटापासून होते. त्यामुळे दोन याद्या जोडताना पगारापेक्षा जास्त भांडण इथे होतं.

जोडणीच्या मुख्य पद्धती दोन: रुजू झाल्याच्या तारखेनुसार, किंवा प्रत्येक गटातल्या (उदा. मोठ्या विमानाचे कॅप्टन) दोन्ही कंपन्यांच्या जागांच्या प्रमाणात. पहिली सरळ वाटते, पण वेगाने वाढलेल्या कंपनीतला तरुण कॅप्टन तिच्यात खूप खाली घसरतो. सर्वांत वाईट म्हणजे दुसऱ्या कंपनीची यादी सरळ खाली चिकटवणं. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली तेव्हा तिथल्या बऱ्याच वैमानिकांचं हेच झालं. म्हणून 2007 मध्ये अमेरिकेत मॅकॅस्किल-बाँड कायदा आला: जोडणी न्याय्य हवी, एकमत झालं नाही तर लवाद.

पण लवादाने वाद मिटतोच असं नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या विलीन झालेल्या कंपन्यांच्या वैमानिकांमध्ये लवादाच्या 2007 च्या निवाड्यानंतरही वर्षानुवर्षं खटले चालले.

त्यामुळे विलीनीकरणाची चर्चा सुरू होण्याआधीच वैमानिक संघटनेच्या कंपनीशी असलेल्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या: कंपनीचं उड्डाण तिच्याच यादीतले वैमानिक करतील हे कलम, कपात झालेल्यांना ज्येष्ठतेच्या क्रमाने परत बोलावण्याचा हक्क, आणि करार खरेदीदारावरही बंधनकारक असल्याची अट. ही शेवटची अट माझ्या मते सर्वांत मोलाची.