आधी गाव, मग आडनाव

आयर्लंडमधले पूर्वज आणि त्यांची आडनावं कशी शोधायची, याबद्दल कोकणातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझ्या आजीचे आजोबा मर्फी नावाचे आयरिश शिपाई होते आणि कॅम्पात राहत होते, असं घरात सांगतात. ते डब्लिनचे होते म्हणे. हातात कागद एकच आहे, त्यांच्या मुलीचा, म्हणजे माझ्या पणजीचा, १८७० च्या आसपासचा बाप्तिस्म्याचा दाखला. इंटरनेटवर ‘मर्फी, डब्लिन’ असं शोधलं की हजारो नावं येतात. सुरुवात कुठून करू? (वाचक, दापोली)

उत्तर : आयर्लंडचा शोध तूर्त बंद ठेवा. मर्फी हे तिथलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. गाव माहीत नसताना नुसत्या आडनावावर शोधायला बसलात तर कुठला तरी मर्फी नक्की सापडेल, पण तो तुमचा असेलच असं नाही. आयर्लंडमधल्या नोंदी गावागावांनी लावलेल्या आहेत. तिथल्या सगळ्यात लहान वस्तीला टाउनलँड म्हणतात. आकाराने ती आपल्या वाडीएवढी असते आणि देशभरात अशा साठ हजारांहून जास्त आहेत. एकाच नावाच्या टाउनलँड कितीतरी, म्हणून तिच्याबरोबर पॅरिश (एका चर्चखालचा परिसर) आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) हवीच. हे गाव तुम्हाला बहुधा आयर्लंडच्या नव्हे, फौजेच्या कागदात सापडेल.

हातातला दाखला पुन्हा नीट वाचा. अशा दाखल्यावर बापाच्या नावापुढे हुद्दा आणि पलटणीचा नंबर बहुतेक वेळा असतो. फौज सोडलेली असेल तर ‘पेन्शनर’ असं लिहिलेलं असतं. हा नंबर आडनावापेक्षा मोलाचा. ‘डब्लिनचे’ ही घरातली समजूत मात्र बाजूला ठेवा, कारण इथे एक खास कोकणी-मुंबईकर फसगत आहे. कंपनी सरकारची मुंबईची जुनी गोरी पलटण १८६२ मध्ये १०३ नंबरची रॉयल बॉम्बे फ्युसिलिअर्स झाली. १८८१ मध्ये मद्रासच्या १०२ नंबरच्या पलटणीशी तिची जोडी लावून दोघींचं नाव रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्स ठेवलं गेलं. आयुष्य हिंदुस्थानात काढलेल्या शिपायाच्या नातवंडांनी पुढे पलटणीचं नाव ऐकून आजोबांना डब्लिनचं करून टाकलं, असं सहज होऊ शकतं. उलट इंग्रजी नावाच्या पलटणींतही आयरिश शिपाई भरपूर होते. त्यामुळे पलटणीच्या नावावरून काउंटी ठरवू नका.

पलटण कळली की दोन वाटा फुटतात. शिपाई राणीच्या फौजेतला असेल तर लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९७ हा दप्तरसंच पाहायचा. त्यात भरतीच्या वेळचा जन्मगावाचा मजकूर ठरावीक साच्यात असतो : अमुक पॅरिशमध्ये, तमुक शहरात किंवा त्याच्या जवळ, अमुक काउंटीत जन्म. याच एका ओळीसाठी सगळी धडपड. पण १८८३ पूर्वीच्या या संचात मुख्यतः पेन्शन घेऊन सुटलेल्यांचेच कागद आहेत. नोकरीत असताना इथेच वारला किंवा पैसे भरून सुटका करून घेतली, तर तो त्यात बहुधा नसतो. मग पलटणीच्या हजेरीपत्रकांकडे, डब्ल्यूओ १२ कडे वळायचं. ती १८७८ पर्यंत आहेत. शिपाई कंपनी सरकारचा असेल तर हे कागद क्यूला नाहीतच. ते ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबई फौजेचे कागद एल/एमआयएल/१२ मध्ये, आणि भरतीच्या नोंदवह्या एल/एमआयएल/९ मध्ये. तुमचे मर्फी १८६० च्या आधी भरती झाले असतील तर दोन्हीकडे पाहणं आलंच.

त्याच लायब्ररीत एन/३ या खुणेखाली मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं आहेत. इथल्या पाद्र्यांनी लंडनला पाठवलेल्या या नकला. त्यांची सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट चाळता येते. मूळ पानांची छायाचित्रं फाइंडमायपास्टवर पैसे भरून दिसतात. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या फिबिस या संस्थेची सूचीही फुकट आहे. नकलेत नाव चुकतं, एखादं वर्ष गळतं. त्यातून कॅथलिक पाद्र्यांकडून गेलेल्या नकला जास्तच अपुऱ्या आहेत आणि मर्फी कॅथलिक असण्याचीच शक्यता मोठी. तेव्हा एन/३ मध्ये काही मिळालं नाही तर नोंद नव्हतीच असं समजू नका. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथली मूळ वही कुठे आहे याची चौकशी करा. लग्नाची नोंद सापडली तर बायकोचा रकानाही उतरवून घ्या. इथल्या बायकांची कित्येकदा आडनावाशिवाय नुसती ‘मारिया’ एवढीच नोंद असते आणि तिथे तो धागा तुटतो.

भरतीच्या कागदावरचं वय जसंच्या तसं धरू नका. अठरा पूर्ण नसलेली पोरं अठरा सांगत. जन्मवर्ष दोन-तीन वर्षं मागेपुढे ठेवूनच शोधा.

प्रश्न : आमच्याकडच्या एका कागदावर सुलिव्हन, दुसऱ्यावर ओ’सुलिव्हन आणि नगरपालिकेच्या मराठी नोंदीत ‘सुलीवान’ आहे. ही एकच माणसं की वेगळी? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : निव्वळ ‘ओ’ असण्या-नसण्यावरून माणसं वेगळी धरायची नाहीत. आयरिश भाषेत ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. इंग्रजी अमलात अनेक घराण्यांचं हे पुढचं अक्षर गळून पडलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेचं प्रेम जागं झालं तेव्हा अनेकांनी ते पुन्हा लावून घेतलं. त्यामुळे बाप सुलिव्हन आणि मुलगा ओ’सुलिव्हन हे अगदी नेहमीचं. शोधताना दोन्ही रूपं घाला. संकेतस्थळ परवानगी देत असेल तर अनिश्चित अक्षरांच्या जागी तारांकन टाका.

जास्त घोळ भाषांतराने झाला आहे. मॅक अन गव्हन, म्हणजे लोहाराचा मुलगा, हे नाव कुठे मॅकगोवन झालं तर कुठे सरळ स्मिथ. वॉल्श मुळात ‘वेल्समधला माणूस’. स्मिथ दिसला म्हणून इंग्रज समजू नका. बायकांची आयरिश रूपं आणखी निराळी. ओ घराण्यातली अविवाहित मुलगी ‘नी’ लावते, मॅक घराण्यातली ‘निक’.

मराठी नोंदीतलं नाव कारकुनाने ऐकून लिहिलेलं असतं. ते परत रोमन लिपीत नेताना एकाच रूपावर अडून राहू नका. उच्चार जुळतील अशी चार-पाच रूपं कागदावर काढा आणि प्रत्येकाने शोधा. आता मुख्य अडचण. सुलिव्हन हे पश्चिम कॉर्क आणि केरीचं नाव, तिथे गावंच्या गावं सुलिव्हनांनी भरलेली. तिथल्या लोकांनी यावर उपायही काढला होता : बापाचं नाव किंवा टोपणनाव जोडायचं. ग्रिफिथच्या सारापाहणीत, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या जमीन-आकारणीच्या यादीत, एकाच टाउनलँडमधल्या दोन जॉन सुलिव्हनांपुढे कंसात अशी नावं लिहिलेली सापडतात. हा कंसातला शब्द उतरवून घेतला नाही, तर दुसऱ्याच जॉनची सात पिढ्यांची वंशावळ तुमच्या नावावर चढते.

प्रश्न : जावई काउंटी क्लेअरचे. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ करायची आहे. आमच्या बाजूचं कुलवृत्तांतामुळे सोपं आहे. जावयांची पणजी १८९० च्या सुमाराला जन्मली एवढंच माहीत आहे. ‘आमचे सगळे कागद १९२२ मध्ये जळाले’ असं विहीणबाई म्हणतात. खरं आहे का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : अर्धं खरं आहे. डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या इमारतीतला सरकारी दप्तरखाना ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात जळाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्याही गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचा मात्र आगीशी संबंध नाही. त्या सरकारनेच नष्ट केल्या. शेवटच्या दोन तर पहिल्या महायुद्धात रद्दीत घातल्या. कॅथलिक चर्चच्या वह्या गावोगावीच होत्या, म्हणून त्या वाचल्या. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदही शाबूत आहे.

तुमचा क्रम असा ठेवा. आधी १९०१ आणि १९११ ची जनगणना. दोन्ही आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पणजी १९०१ मध्ये दहा-अकरा वर्षांची, म्हणजे आई-वडिलांच्या घरात सापडेल आणि टाउनलँड आपोआप कळेल. सूचीवर थांबू नका, मूळ फॉर्मचं छायाचित्र उघडा. १९११ च्या फॉर्मवर विवाहित बाईला लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि हयात किती, हे विचारलेलं आहे. त्यावरून लग्नाचं वर्ष निघतं आणि दगावलेली मुलंही कळतात. घराच्या वेगळ्या फॉर्मवर भिंती, छप्पर, खोल्या आणि समोरच्या खिडक्या मोजलेल्या असतात. नातवाला दाखवायला हे पान सगळ्यात चांगलं.

दोन जनगणनांमध्ये माणूस दहाऐवजी पंधरा वर्षांनी म्हातारा झालेला दिसला तर दचकू नका. सत्तरीनंतरची पेन्शन १९०९ च्या जानेवारीपासून सुरू झाली आणि १८६४ पूर्वी जन्मलेल्यांकडे सरकारी जन्मनोंद नव्हती. वयं भराभर वाढली. यातूनही एक फायदा झाला. पेन्शनसाठी वय सिद्ध करायला लोकांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतले उतारे मागवले. मूळ जनगणना जळाली, पण त्या शोधांचे फॉर्म उरले. त्यांत कुटुंबाची माहिती मिळते.

मग सरकारी नोंदी. कॅथलिकांसकट सगळ्यांचे जन्म, लग्न, मृत्यू १ जानेवारी १८६४ पासून नोंदले गेले. कॅथलिकेतर लग्नं १ एप्रिल १८४५ पासूनच. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंच्याहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू फुकट पाहता येतात. जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, लग्नाच्या नोंदीत दोन्ही बापांची नावं आणि धंदे. मृत्यूच्या जुन्या नोंदीत आई-बापांची नावं नसतात, तिथे उगाच वेळ घालवू नका. बाप्तिस्मा जन्माच्या आधीच्या तारखेचा दिसला तर बाप्तिस्म्याची तारीख खरी माना. उशिरा नोंद केली की दंड बसे, म्हणून आई-बाप सरकारी नोंदीत तारीख पुढे सरकवत.

१८६४ च्या मागे कॅथलिक वह्या. नॅशनल लायब्ररीने साधारण १८८० पर्यंतच्या वह्या छायाचित्रांसह फुकट ठेवल्या आहेत. नावं कित्येकदा लॅटिनमध्ये असतात : जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. ब्रिजेटची डेलिया किंवा बिडी झालेली असते, ओनोराची नोरा. याच्याच जोडीला १८४७ ते १८६४ ची ग्रिफिथची सारापाहणी. तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, जमिनीचा मालक आणि आकारणी. सातबाऱ्यानंतर फेरफार पाहावेत तसं, ग्रिफिथनंतर सारा खात्याच्या दुरुस्तीवह्या पाहायच्या. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते त्यात निरनिराळ्या रंगांच्या शाईने लिहिलेलं असतं आणि शाईच्या रंगावरून वर्ष लागतं.

जावई क्लेअरचे, हे तुमचं नशीब. क्लेअर काउंटी लायब्ररीने स्थानिक नोंदींचं जेवढं फुकट उपलब्ध केलं आहे तेवढं फार थोड्या काउंट्यांच्या वाट्याला आलं आहे.

प्रश्न : बाणकोटच्या खाडीजवळ एक पडकं थडगं आहे. संगमरवरी पाटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत. खडू घासून वाचावीत का? (वाचक, मंडणगड)

उत्तर : खडू, पीठ, अॅसिड, तारेचा ब्रश यातलं काहीही लावू नका. दिवाळीनंतर गवत वाळलं की जा, पावसाळ्यात विंचू-किरडाची भीती असते. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. सांध्यात पिंपळ रुजला असेल तर उपटू नका, मुळाबरोबर दगड निघेल. बुंधा कापा.

वाचायला उजेड समोरून नको, बाजूने हवा. सकाळी किंवा संध्याकाळी जा, किंवा आरशाने ऊन पाटीवर तिरकं पाडा. अक्षरांत शिसं भरलेलं असेल आणि ते गळून गेलं असेल, तर खुंट्यांची बारीक छिद्रं उरतात. छिद्रांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. ओळीस ओळ, शुद्धलेखन न सुधारता उतरवा. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींवर काम करणारी बॅकसा ही संस्था १९७६ पासून आहे. तिला छायाचित्र पाठवा.

प्रश्न : खापरपणजोबा आयरिश होते. यावर आयरिश पासपोर्ट मिळेल का? आणि डीएनए चाचणी करून काही कळेल का? (वाचक, गुहागर)

उत्तर : पासपोर्ट नाही. आयर्लंडमध्ये जन्मलेला पूर्वज आजी-आजोबांच्या पिढीतला असेल तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालता येतं. त्याच्या मागे गेलात तर तुमच्या जन्माआधी तुमच्या आई किंवा वडिलांनी त्या वहीत नाव घातलेलं असावं लागतं. शिवाय भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. स्वेच्छेने दुसरं घेतलं की इथलं जातं.

चाचणीचा उपयोग आहे, पण टक्केवारीसाठी नाही. खापरपणजोबांचा वाटा तुमच्यात सरासरी सव्वासहा टक्के येतो, तुमच्या आई-वडिलांच्या पिढीत साडेबारा. म्हणून घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची चाचणी आधी करा. ते आजोबा आईकडून किंवा आजीकडून आले असतील तर फक्त पुरुषांकडून पुरुषांकडे जाणाऱ्या वाय-डीएनए चाचणीवर पैसे घालवू नका, तुमच्या घरात तो धागा आलेलाच नाही. खरा फायदा जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीचा. तिकडच्या कुणा दूरच्या भावंडाला टाउनलँडचं नाव माहीत असतं. लाळेचा नमुना देण्याआधी अर्धा तास खाणं-पिणं चालत नाही. आत्याचा नमुना घ्यायचा असेल तर सकाळचा चहा नंतर मिळेल, हे तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.