गोधडीतली गाणी आणि बँड

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. रात्री घरचे झोपले की डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाइलवर स्वतःची गाणी रेकॉर्ड करतो. तेवीस झालीत. मावसभाऊ म्हणतो, बँड काढू, त्याचा मित्र ड्रम वाजवतो. मला भीती ही, की चार जण आले की गाण्यातला तऱ्हेवाईकपणा जाईल. असं कुणाचं जमलंय का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मिरजेचं पत्र आणि त्यात तंबोऱ्याचा उल्लेख नाही, हे पहिल्यांदाच पाहिलं! गोधडी मात्र झकास. भिंत आवाज परत फेकते, गोधडी पिऊन टाकते. माझ्या स्टुडिओत पहिली दोन वर्षं आईच्या गोधड्याच टांगलेल्या होत्या. गिऱ्हाईक आलं की वरून चांगली चादर.

तुमचा भाऊबंद अमेरिकेत आहे. व्हर्जिनियातल्या लीसबर्गचा विल टोलेडो. घरात कुणी ऐकेल याचा संकोच, म्हणून हा घरच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गायचा. त्यावरूनच नाव घेतलं, ‘कार सीट हेडरेस्ट’. गाडी म्हणजे तरी काय, चाकांवरची गोधडीच. काचा सोडल्या तर सगळीकडे फोम आणि कापड. २०१० मध्ये त्याने चार अल्बम इंटरनेटवर टाकले. त्यांची नावं १, २, ३, ४. बारसं करायलाही सवड नव्हती बहुतेक. पुढची काही वर्षं असंच एकट्याने चाललं. मग सिअ‍ॅटलकडे गेला, तिथे साथीदार मिळाले आणि २०१५ मध्ये ‘मॅटाडोर’ या रेकॉर्ड कंपनीने त्याला घेतलं.

आता तुमची भीती. २०११ मध्ये त्याने ‘ट्विन फँटसी’ हा अल्बम घरगुती पद्धतीने केला होता. बँड हाताशी आल्यावर तोच अल्बम पहिल्यापासून पुन्हा वाजवला. नवा २०१८ मध्ये आला. जुना पुसला नाही, दोन्ही ऐकायला मिळतात. लागोपाठ ऐका. नव्यात ड्रम छातीवर येतात, जुन्यात पोरगा कानाशी पुटपुटतो. मला जुना आवडतो, माझ्या मुलीला नवा, आणि यावरून आमचं जेवताना वाजतं. पण तऱ्हेवाईकपणा दोन्हीत आहे, कारण तो गाण्याच्या शब्दांत आणि वळणांत होता. फुटक्या आवाजात नव्हता.

त्याला एक ठेच मात्र लागली. २०१६ च्या अल्बममध्ये ‘द कार्स’ या बँडच्या गाण्याचा तुकडा होता. परवानगीचा घोळ ऐन वेळी कळला, छापून तयार झालेल्या प्रती नष्ट कराव्या लागल्या आणि त्याने ते गाणं नव्याने बांधलं. गोधडीत कुणाचीही चाल गुणगुणा. बाहेर आणताना विचारून आणा.

राहिला ड्रमर. तुम्ही क्लिक, म्हणजे कानात टिकटिक करणारा ठेका, न लावता गायला असणार, म्हणजे अंतऱ्याला लय पळत असणार. अशा रेकॉर्डिंगवर मागाहून ड्रम बसवायला लावणं हा त्या पोराचा छळ आहे. तेवीस गाणी त्याच्यावर लादू नका, तीन निवडा. पहिल्या तालमीला मोबाइल खिशात ठेवून, समोर बसून गा. त्याला तुमचा श्वास कळू दे.

आणि मूळ फाइली आजच पेन ड्राइव्हवर घ्या. मोबाइल पाण्यात पडतात. माझा पडलाय, बारा गाण्यांसकट.