अमेरिकेत डेंटल स्कूलला जायचं असेल तर सायन्सचे कोर्स कुठल्या क्रमाने घ्यावेत?

तुमची मुलगी न्यू जर्सीत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, एपी (हायस्कूलमध्येच घेतलेले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) बायॉलॉजी आणि एपी केमिस्ट्री झालंय, 2026 च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रात, कॉलेज सुरू होतंय. कुठला कोर्स कधी घ्यायचा, एवढंच तुम्ही विचारलंय. पण आपल्याकडचा बारावी, नीट आणि थेट बीडीएस हा हिशोब आधी बाजूला ठेवा. इथे बहुतेक मुलं आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि मग चार वर्षं डेंटल स्कूल करतात. 'प्री-डेंटल' नावाची डिग्री नसते, ती नुसती कोर्सांची यादी. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, इतिहास असला तरी अडत नाही, यादी पुरी झाली पाहिजे.

बहुतेक शाळांची (म्हणजे डेंटल स्कूलांची) किमान मागणी अशी: बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स हे चारही प्रत्येकी वर्षभर, लॅबसकट, म्हणजे साधारण 8-8 सेमिस्टर क्रेडिट. वर बायोकेमिस्ट्रीची 3 क्रेडिट आणि इंग्रजी. मायक्रोबायॉलॉजी, अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स काही शाळांना सक्तीचं, काहींना 'असेल तर बरं'. कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (वर्षाला दोन सेमिस्टरऐवजी तीन छोटी सत्रं) असेल तर त्या क्रेडिटांना दोनतृतीयांशाने गुणा. 12 क्वार्टर क्रेडिट म्हणजे 8 सेमिस्टर क्रेडिट.

वेळापत्रक ठरवते ती केमिस्ट्री. जनरल एक, जनरल दोन, ऑर्गॅनिक एक, ऑर्गॅनिक दोन, बायोकेमिस्ट्री: पाच सेमिस्टर, आणि सहसा आधीचा पास झाल्याशिवाय पुढच्याला बसू देत नाहीत. त्यात अनेक छोट्या कॉलेजांत ऑर्गॅनिक एक फक्त फॉलमध्येच असतं. पहिल्या वर्षी जनरल दोन सुटलं तर नुकसान एका सेमिस्टरचं नाही, अख्ख्या वर्षाचं होतं. गणिताच्या प्लेसमेंटमध्ये प्रीकॅल्क्युलसच्या खाली नंबर लागला तर काही कॉलेजं जनरल केमिस्ट्रीला बसू देत नाहीत, म्हणून ती परीक्षा 'असंच' म्हणून देऊ नका.

माझा क्रम असा. पहिल्या वर्षी दोन्ही सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री आणि बायॉलॉजी. दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक, सोबत स्टॅटिस्टिक्स किंवा फिजिऑलॉजीसारखा एखादाच जड विषय. त्यानंतरच्या उन्हाळ्यात डॅट, म्हणजे डेंटल स्कूलची प्रवेश परीक्षा. तिसऱ्या वर्षी फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री. चौथ्या वर्षी राहिलेलं, उदाहरणार्थ मायक्रोबायॉलॉजी.

फिजिक्स इतकं मागे का, असं वाटेल. कारण डॅटमध्ये फिजिक्स येतच नाही. सायन्सच्या भागात 90 मिनिटांत 100 प्रश्न: 40 बायॉलॉजी, 30 जनरल केमिस्ट्री, 30 ऑर्गॅनिक. बाकी आकृत्या डोळ्यांसमोर फिरवून बघायची परीक्षा, वाचन आणि गणित. ऑर्गॅनिक दोनची फायनल मे महिन्यात संपते तेव्हा रिअॅक्शन ताज्या असतात, तोच मुहूर्त. एक वर्ष थांबलं की त्याच गोष्टी पुन्हा पाठ करत बसावं लागतं. फिजिक्स बहुतेक ठिकाणी अल्जिब्रावालं चालतं. मेजरला लागत नसेल तर कॅल्क्युलसवालं घेऊन ग्रेड पणाला लावण्यात अर्थ नाही.

आता एपी. माझं मत स्पष्ट आहे: बायॉलॉजी आणि केमिस्ट्रीचं एपी क्रेडिट घेऊ नका, हे कोर्स कॉलेजमध्येच करा. काही डेंटल स्कूल एपी मानत नाहीत, काही मानतात पण त्याच विषयाचा वरच्या पातळीचा कोर्स मागतात. शिवाय एपी केमिस्ट्रीच्या जोरावर पहिल्याच सेमिस्टरला ऑर्गॅनिकमध्ये उडी मारली, तर कॉलेजच्या अभ्यासाची सवय आणि सगळ्यात अवघड कोर्स एकाच वेळी अंगावर येतात. क्रेडिट स्वीकारून पुन्हा तोच कोर्स घेतला तर कॉलेज दोन्हींपैकी एक रद्द करू शकतं, म्हणून ओरिएंटेशनमध्येच नको म्हणून सांगा. कॅल्क्युलसचं एपी मात्र खुशाल वापरा.

हायस्कूलमध्ये असताना तिने कम्युनिटी कॉलेजमधून ड्युअल एनरोलमेंटचे (शाळेत असतानाच कॉलेजचं क्रेडिट देणारे) कोर्स केलेत का, ते तपासा. डेंटल स्कूलचा अर्ज आडसास (AADSAS) या सामाईक यंत्रणेतून जातो (टेक्सासच्या शाळांची वेगळी यंत्रणा आहे) आणि तिथे प्रत्येक कॉलेजची ट्रान्सस्क्रिप्ट द्यावी लागते. सोळाव्या वर्षी घेतलेला सी ग्रेड तिथे हजर असतो.

पालकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे रिपीटचा हिशोब. कॉलेज म्हणतं, कोर्स पुन्हा घे, जुना ग्रेड पुसून टाकू. आडसास पुसत नाही, दोन्ही मोजतं. आकडे बघा. बायो-केमिस्ट्री-फिजिक्सची 28 क्रेडिट सरासरी 3.5 ने झाली (ए म्हणजे 4, डी म्हणजे 1), म्हणजे 98 गुण. मग 4 क्रेडिटच्या ऑर्गॅनिकला डी आला: 102 भागिले 32, म्हणजे 3.19. पुन्हा घेऊन ए मिळवला. कॉलेजच्या कागदावर 114 भागिले 32, म्हणजे 3.56, घरात पेढे. आडसासमध्ये 118 भागिले 36, म्हणजे 3.28. तेव्हा मिडटर्मनंतर गाडी रुळावरून उतरतेय असं दिसलं तर ड्रॉपची तारीख जाऊ देऊ नका. एखादा डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) खपून जातो, डी खपत नाही. सी मायनसही अनेक शाळा मोजत नाहीत, त्यांना सी किंवा वर लागतो. पास-फेल पर्याय तर या कोर्सांना टाळाच.

नोंदणी करताना दोन चुका नेहमी होतात. ऑर्गॅनिकची लॅब पुष्कळ कॉलेजांत वेगळ्या कोर्स नंबरने, 1 किंवा 2 क्रेडिटची असते. लेक्चर घेतलं जातं आणि लॅब राहून जाते. दुसरं, 'नॉन-सायन्स मेजर्ससाठी' असं लिहिलेली सोपी केमिस्ट्री किंवा बायॉलॉजी चालत नाही. ऑनलाइन लॅब आणि उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये उरकलेलं ऑर्गॅनिक याबद्दल प्रत्येक शाळेचा नियम वेगळा आहे. म्हणून पहिल्या वर्षीच एक एक्सेल शीट करा. ओळींत आवडीच्या दहा शाळा. रकान्यांत प्रत्येक विषयाची क्रेडिट, एपी चालतं का, कम्युनिटी कॉलेज चालतं का, ऑनलाइन लॅब चालते का. माहिती त्या-त्या शाळेच्या अॅडमिशन पानावरूनच भरा, व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नको. दर उन्हाळ्यात ताडून बघा, नियम बदलतात.

2030 च्या फॉलला डेंटल स्कूल हवं असेल तर अर्ज 2029 च्या जूनच्या सुरुवातीला गेला पाहिजे. बऱ्याच शाळा अर्ज येतील तसे वाचतात, त्यामुळे अंतिम तारखेला पाठवलेला अर्ज म्हणजे उशिरा पाठवलेला अर्ज. त्या वेळी सगळे कोर्स संपलेले नसले तरी चालतं. राहिलेले 'घेणार आहे' म्हणून नोंदवायचे आणि डेंटल स्कूल सुरू होण्याआधी पूर्ण करायचे. बहुतेक शाळांना दोन सायन्स प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. तीनशे मुलांच्या वर्गातला प्राध्यापक नावाने ओळखत नाही, त्यामुळे ऑर्गॅनिकच्या ऑफिस अवर्सना पहिल्या महिन्यापासून जायला सांगा.

ती इथली नागरिक किंवा ग्रीन कार्डवर आहे, असं धरून हे लिहिलंय. एच-4 वर (एच-1बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर शीटमध्ये आणखी एक रकाना वाढवा: अनेक सरकारी डेंटल स्कूल परदेशी विद्यार्थी घेत नाहीत.